रेडिओवरची संध्याकाळ
(गणेशोत्सवात तात्यापाऱ्यात दिलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मला संगीतावर बोलायला सांगितले आहे. मी गवई नाही, नुसता श्रोता आहे. तेव्हा ऐकण्याविषयीच बोलतो.

आकाशवाणीने १९५२ साली शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. त्या वर्षी नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण केसकर मूळचे पुण्याचे. त्यांनी सिनेमाच्या गाण्यांना कात्री लावली, तसे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती आली. पण केसकरांच्या हट्टामुळे मोठमोठे गवई तुमच्या-आमच्या ओसरीवर आले, हेही खरे. आमचे अण्णा शनिवारी रात्री जेवण आटोपून मर्फीसमोर बसत. आलापी चालू असताना कुणी बोललेले त्यांना खपत नसे.

रायपूरला आकाशवाणी केंद्र झाले १९६३ साली. पण माझ्या आजीचा जीव नागपूर केंद्रात. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून लांबवर पोचतात. त्यामुळे दिवसा खरखरणारे नागपूर रात्री बरे लागे. भाषणे, नभोनाट्ये ती कान लावून ऐके. माहेरची भाषा तिला तेवढीच भेटे.

एका रात्री नभोनाट्य रंगात आले होते. आजी पाणी प्यायला आत गेली आणि मी सिनेमाच्या गाण्यांसाठी काटा फिरवला. ती परत आली, पण नागपूर काही केल्या लागेना. लागले तेव्हा नाटक संपले होते. आजी रागावली नाही. "असू दे रे, शेवट मी लावून घेईन," म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्हा पोरांना तिने स्वतःचा शेवट सांगितला. खरा शेवट तिला शेवटपर्यंत कळला नाही. मला तो काटा अजून टोचतो.

आज तसे काही हुकत नाही. २०१६ साली आकाशवाणीने केवळ शास्त्रीय संगीतासाठी 'रागम्' वाहिनी काढली. जुनी ध्वनिमुद्रणे मोबाइलवर मिळतात. पण घरात चार माणसे असतील, तर चौघांच्या कानांत चार वेगळ्या गोष्टी. आणि आपली नातवंडे शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतात. मराठी त्यांनी ऐकायची कुठे?

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. पुढच्या वर्षी एक संध्याकाळ रेडिओसारखी करू या. अर्धा तास एखादा राग, मग आपल्या मुलामुलींनी पडद्यामागून वाचलेली मराठी श्रुतिका आणि दहा मिनिटांचे एक भाषण. भोंगा बंद, मोबाइल बंद. मुले अडखळतील, अडखळू द्या. श्रुतिकेचा शेवट ऐकल्याशिवाय मात्र कुणी उठायचे नाही. माझ्या आजीसाठी एवढे करा.

गणपती बाप्पा मोरया!