देवालयाची निगा, श्रद्धेची साक्ष



जुन्या गोव्यांत संत आगुस्तीनच्या भव्य देवालयाचा आज एक भग्न मनोरा तेवढा उभा आहे. तें कोणा शत्रूनें पाडलें नाहीं. १८३५ सालीं तें ओस पडलें आणि १८४२ सालीं त्याचें कमानदार छत कोसळलें. निगा राखणारे हात नसले म्हणजे सात वर्षें पुरतात!

आपलें देवालय तर लहान. परभणीची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते, पावसांत फुगते, आणि भिंतींस तडे जातात. वेळींच तडा बुजविणें, पन्हळ साफ करणें, वेदीवरील वस्त्र धुणें, हीहि प्रार्थनाच होय. पवित्र साक्रामेंतांत येथें वसणाऱ्या प्रभूवरील आपली श्रद्धा ह्याच कामांत दिसते. महोत्सवास देणग्या विपुल आल्या. आतां मंडप उतरल्यावर झाडू कोण घेईल? पहिला मी येईन, आपणहि यावें.