तुटलेल्या तारेपासून दूर राहा



मुंबईच्या विलेपार्ल्यात वीज जमिनीखालच्या केबलमधून घरोघर जाते. आपल्याकडे ती कपाशी-ज्वारीवर लोंबणाऱ्या उघड्या तारांतून येते. इंडिया आणि भारत यांतला फरक इथेही आहेच.

तारा ताणून घेण्यासाठी महावितरणला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोवर जीव आपणच जपायचा. तार तुटली तर जवळ जाऊ नका. ओल्या जमिनीतूनही शॉक बसतो. १९१२ या नंबरवर कळवा. डीपीवर फ्यूज घालायला चढू नका. डुकरांसाठी कुंपणात करंट सोडू नका. त्यात आपलीच माणसे मरतात. मोटारीला आणि घराला अर्थिंग हवेच. घरात कुणाला शॉक बसला तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा.

आणि अपघात झालाच, तर विद्युत निरीक्षकाच्या चौकशीचा आग्रह धरा. २००३ च्या वीज कायद्यात, कलम १६१ मध्ये, तशी तरतूद आहे.