बिनभिंतींच्या तुरुंगाच्या गावात आपले स्वागत
(स्वागताध्यक्षीय भाषण)

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या महाविद्यालयांतून आलेले मानसशास्त्राचे प्राध्यापक, समुपदेशक, विद्यार्थी मित्र आणि माझ्या आटपाडीकर बंधुभगिनींनो,

साताऱ्याची मंडळी दहिवडी-म्हसवडच्या रस्त्याने आली, सांगलीची भिवघाटावरून. आमच्या गावाला रेल्वे नाही, आणि वाटेत उन्हाने आपले हाल झाले असतील. तरीही आपण आलात. स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो.

ही परिषद सांगलीला किंवा साताऱ्याला भरवणे सोयीचे झाले असते. सांगलीत विष्णुदास भाव्यांचे नाटक झाले, साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवले. दोन्ही शहरांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण ‘व्यक्तिमत्त्व आणि प्रेरणा : मानवतावादी दृष्टिकोन’ हा विषय ठरल्याचे कळताच आम्ही आटपाडीकर आग्रहाला पेटलो. हा दुष्काळी माणदेश. पाऊस कमी, मेंढरे जास्त. टेंभू योजनेचे पाणी आले, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, हे अलीकडचे. पण माणसांचे पीक इथे जुनेच आहे. गदिमा, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात हे साहित्य संमेलनाचे तीन अध्यक्ष या एका तालुक्याने दिले. यांपैकी खरात तर याच गावचे.

मात्र आज मला सांगायचे आहे ते इथल्या बिनभिंतींच्या तुरुंगाबद्दल, स्वतंत्रपूरबद्दल. त्यासाठी थोडा जास्त वेळ घेण्याची अध्यक्षांची परवानगी मी आधीच मागून ठेवली आहे.

आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. औंध आज सातारा जिल्ह्यात, आम्ही सांगलीत. पण जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून औंधचेच राज्य असते. राजेसाहेब म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कार घालणारे, चित्रे काढणारे, किर्लोस्करवाडीला जागा देणारे. जानेवारी १९३९ मध्ये त्यांनी महात्माजींच्या सल्ल्याने घटना जाहीर करून आपला कारभार प्रजेच्या हाती दिला. त्या कामात राजपुत्र अप्पासाहेब पंत होते, आणि होते मॉरिस फ्रीडमन.

फ्रीडमन हे पोलंडचे, वॉर्सात जन्मलेले ज्यू इंजिनियर. बंगळूरला म्हैसूर सरकारच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. पुढे संन्यास घेऊन भारतानंद झाले, औंधला आले, खेडोपाडी हिंडले. त्यांच्या विचारातून १९३९ मध्येच इथे, आटपाडीजवळच्या माळावर, कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. भिंत नाही, कुंपण नाही. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे बायकामुलांसह घरात राहतील, शेती करतील, स्वतःच्या कष्टाचे खातील. नाव ठेवले स्वतंत्रपूर. तुरुंगाला हे नाव द्यायला केवढी छाती लागली असेल! औंधच्या मुलखात या विचाराची पेरणी थोडी आधीच झाली होती, कारण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना आपल्या वाडीच्या रखवालीवर ठेवले होते.

स्वतंत्रपूरची हीच कल्पना पुढे आमच्या गदिमांच्या लेखणीतून आणि व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनातून ‘दो आँखें बारह हाथ’ झाली. १९५७ चा तो चित्रपट पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवातही गौरवला गेला. चित्रपट जगाला माहीत झाला. भारतानंद मात्र मागे राहिले. उत्तरायुष्यात त्यांनी निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत नेली आणि १९७६ साली मुंबईत देह ठेवला. आज आटपाडीतल्या किती मुलांना हे नाव माहीत असेल? ते माहीत व्हावे, ही माझी या परिषदेच्या निमित्ताने सर्वांत मोठी इच्छा आहे.

आपल्या विषयाचा मी विद्यार्थी नाही. परिषदेच्या तयारीत प्राध्यापक मंडळींनी जे समजावून दिले, त्यावरून दोन शब्द बोलतो. अब्राहम मॅस्लो यांचा प्रेरणेवरचा प्रसिद्ध लेख १९४३ चा. अन्न, सुरक्षितता, आपुलकी, मान आणि शेवटी स्वतःतले जे आहे ते पूर्ण फुलवण्याची ओढ, असा तो क्रम. कार्ल रॉजर्स यांनी सांगितले की माणसाला अटी न घालता स्वीकारले, त्याचे मनापासून ऐकले, तर बदलण्याचे बळ त्याच्या आतूनच येते. हे लेखन नंतरचे आहे. स्वतंत्रपूर १९३९ चे आहे. भारतानंदांनी या क्रमाच्या पायऱ्या एकेक करून चढवल्या नाहीत. घर, शेत, कुटुंब आणि विश्वास त्यांनी एकदमच कैद्याच्या हवाली केले. आमच्या दुष्काळी गावांतही स्वतः अर्धपोटी राहून पाहुण्याला भाकरी वाढणारी माणसे मी पाहिली आहेत; पोट भरायच्या आधीच त्यांना मान सांभाळायचा असतो. हा क्रम दगडावरची रेघ नव्हे, असे मॅस्लो यांनीही लिहून ठेवले आहे, हे कळल्यावर मला फार समाधान वाटले. यावर आपण चर्चा करावी, आणि स्वतंत्रपूरच्या कुटुंबांचा, विशेषतः तिथल्या बायकांचा आणि मुलांचा, कोणीतरी नीट अभ्यास हाती घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

आता व्यवस्थेविषयी. गावात मोठे सभागृह नसल्याने मांडव घातला आहे. दुपारी तो तापेल. वीज गेली तर जनरेटर आहे, पण ध्वनिक्षेपक सुरू व्हायला दोन-चार मिनिटे लागतील. निवास तीन ठिकाणी विभागावा लागला, आंघोळीचे गरम पाणी सर्वांना एकाच वेळी मिळणार नाही. वयस्कर पाहुण्यांची सोय पहिल्या मजल्यावर झाली, याचे मला फार वाईट वाटते; जिन्यापाशी स्वयंसेवक कायम उभे राहतील. जेवणात बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे आहे. ज्यांना सोसत नसेल त्यांच्यासाठी पोळी आणि वरणभात वेगळा केला आहे. कुणीही संकोच करू नये.

हे सगळे ज्यांच्यामुळे उभे राहिले त्यांचे आभार मानतो. डाळिंब बागायतदारांनी बाजारभाव पडलेला असतानाही पहिली वर्गणी दिली. सांगलीच्या हळद व्यापाऱ्यांनी भोजनखर्चाचा मोठा वाटा उचलला. सोन्याचांदीच्या गलाईसाठी केरळ-तमिळनाडूत स्थायिक झालेल्या आमच्या तालुक्यातल्या भावांनी न मागता पैसे पाठवले. गाव सोडून गेलेल्यांचा गावावरचा जीव असा असतो. बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून चुलीपाशी आहेत. मांडववाले, टँकरवाले, शाळेचे शिक्षक आणि खोल्या झाडून देणारी मुले, सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर त्यांनी उदार मनाने क्षमा करावी.

उद्या सकाळी सात वाजता मांडवापासून स्वतंत्रपूरला गाड्या निघतील. रीतसर परवानगी घेतली आहे. ओळखपत्र जवळ ठेवावे, तिथल्या कुटुंबांचे फोटो काढू नयेत आणि कुणालाही त्याचा गुन्हा विचारू नये, एवढे पथ्य पाळावे. आता अध्यक्ष महोदयांना परिषदेचे उद्घाटन करण्याची विनंती करतो.