बोले ठराव आणि त्यामागचा माणूस

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास सांगताना वक्ते बहुधा २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहापासून सुरुवात करतात. त्याआधी साडेतीन वर्षं मुंबईच्या कायदेमंडळात एक ठराव मंजूर झाला होता. तो मांडणारे रावबहादूर सीताराम केशव बोले आज बहुतेकांना दादरच्या एका रस्त्याच्या पाटीपुरतेच ठाऊक आहेत. हे बरं नाही.

बोले मुंबईचे, भंडारी समाजातले. १९०९ साली निघालेल्या कामगार हितवर्धक सभेत त्यांनी गिरणी कामगारांसाठी काम केलं. त्याआधी भीमराव (पुढे बाबासाहेब) आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्काराच्या सभेचे अध्यक्ष बोलेच होते. त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिलं.

४ ऑगस्ट १९२३ चा ठराव नीट वाचावा असा आहे. अस्पृश्यांशी दयेनं वागा, अशी विनवणी त्यात नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारनियुक्त संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शिवाय सार्वजनिक शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने, असं अस्पृश्यांना जिथे मज्जाव नको ते एकेक ठिकाण नाव घेऊन सांगितलं आहे. पैसा लोकांचा, तर विहीरही सगळ्या लोकांची, हा त्यातला गाभा. धर्मशास्त्राचा वाद बोल्यांनी दारातच ठेवला आणि प्रश्न थेट सरकारी तिजोरीशी नेऊन भिडवला. हीच त्यांची खरी हुशारी.

सप्टेंबरात सरकारचे आदेश निघाले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. तळ्यावर मात्र एकाही अस्पृश्याला घागर बुडवता येईना.

ठराव मंजूर झाला की सभासद सहसा सुटलो म्हणतात. बोले मागे लागले. ५ ऑगस्ट १९२६ ला त्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान बंद करा.

पुढच्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेहून हजारो माणसं रांगेनं तळ्यावर गेली आणि बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं. तो पराक्रम त्या माणसांचा. परतताना मारही त्यांनीच खाल्ला. नंतर दूध, दही, पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला तोही ४ ऑगस्टलाच, १९२७ साली.

मग प्रकरण कोर्टात गेलं. तळं खाजगी मालकीचं आहे, असं विरोधकांचं म्हणणं होतं. बोले ठरावाचं बळ कशात आहे, हे त्यांनी अचूक हेरलं होतं; म्हणूनच तळ्याचं सार्वजनिकपणच त्यांना नाकारायचं होतं. अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे काही त्यांना सिद्ध करता आलं नाही. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला.