तीन किलोमीटरसाठी किक कशाला?

हा एपिसोड सायकल चालवता चालवता ऐकत असाल, तर आधी कानातले इअरफोन काढा. घरी पोचून ऐका, आम्ही कुठं पळून जात नाही.

आजचा विषय सायकलच आहे. पण शंभर किलोमीटरची राइड, महागडी गिअरची सायकल, ते आज नाही. मी बोलतोय दळण, भाजी, क्लास आणि एसटी स्टँडबद्दल. बारामती असो की इंदापूर, शहरातली आपली बरीच कामं दोन-तीन किलोमीटरच्या आतली असतात. निवांत चालवली तरी सायकल ताशी १५ किलोमीटर जाते. म्हणजे तीन किलोमीटरला १२ मिनिटं. बाजारात गाडी लावायला जागा शोधण्यातच कधीकधी तेवढा वेळ जातो.

हिशोब करू. रोज जाऊन-येऊन सहा किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, झाले १५०. पन्नासचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी त्याला तीन लिटर पेट्रोल खाते. फार मोठी रक्कम नाही, मान्य. पण मोबाईलचा रिचार्ज त्यात निघतो की!

खरा मुद्दा पैशाचा नाहीच. आठवी-नववीची पोरं क्लासला स्कूटी घेऊन जातात, हे आपण रोज बघतो. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सायकलला लायसन लागत नाही.

आणि मुली? बिहार सरकारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी तपासलं, तर हायस्कुलात जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलं होतं. जिथं शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब, तिथं फरक जास्त. एसटी चुकली म्हणून शाळा बुडणं आपल्या वाड्या-वस्त्यांना काही नवीन नाही.

आता तुम्ही म्हणाल, "दादा, उसाच्या ट्रॉल्यांचं काय?" बरोबर आहे. गळीत हंगामात संध्याकाळी दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही. अशा रस्त्यावर आई पोरीला सायकल देत नसेल, तर तिची भीती खोटी नाही. नुसतं "सायकल चालवा" म्हणून भागणार नाही, रस्ता पाहिजे.

तो कुठून आणायचा? संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आपल्याच बारामती, काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूरवरून जातो. ८ नोव्हेंबर २०२१ ला त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट ठरली होती. वारी पुढं गेली, की वर्षभर ती पट्टी शाळेच्या पोरांना का मिळू नये? चालणारे आणि सायकलवाले, दोघांचंही भागेल. फक्त तिथं गाड्या लागायला नकोत, टपऱ्या बसायला नकोत. हा विषय १५ ऑगस्टच्या किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडा. तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तोवर आपल्या हातातलं करू. माळ्यावरची सायकल खाली काढा. हवा भरा, ब्रेक बघून घ्या, मागं लाल रिफ्लेक्टर आणि दिवा लावा. हमरस्ता सोडा, आतल्या गल्लीतून जा. आठवड्यातून एकच काम ठरवा, जे सायकलवरच करायचं. मी दळण ठरवलंय. तुम्ही काय ठरवलंत, ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, घंटी वाजवत राहा!