मोगऱ्याच्या पाण्याचे कोकम-लिंबू सरबत

पाताळगंगेच्या काठी आपटा येथे वैशाखात लग्नाच्या मांडवी पाहुणे जमावयाचे असतील, तर त्यांच्या सरबराईची तजवीज आदल्या सायंकाळीच करावी. म्हणजे माठातील गार पाण्यात, औषध न फवारलेली, उमलू लागलेली मोगऱ्याची फुले स्वच्छ धुऊन सोडावीत व पहाटे काढावीत, कारण अधिक काळ राहिल्यास सुगंधासवे कडवटपणाही उतरतो. रतांब्याच्या साली साखरेत मुरवून उन्हात सिद्ध केलेल्या अमृत कोकमाच्या एका भागास हे सुवासिक पाणी पाच भाग, आणि पेल्यास चमचाभर लिंबाचा रस, किंचित सैंधव व भाजलेल्या जिऱ्याची पूड एवढे पुरे. पात्र मात्र काचेचे घ्यावे. आम्लामुळे तांब्यापितळेचा अंश सरबतात उतरतो, म्हणून कल्हई उडालेले पातेले यासाठी सर्वथा वर्ज्य मानावे.