आयतं सूत्र आणि त्याचा अर्थ



आमचं फुलचूर गोंदियाला लागूनच. गोंदिया म्हणजे धानाचा मुलूख, राईस मिलचं शहर. मिल आल्या, तसे त्यांच्यामागे वेल्डिंग, लेथ आणि पत्र्याचं काम करणारेही आले. आमच्या शेजारचा एक तरुण अशा कामांची ड्रॉइंगं संगणकावर काढून देतो. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. यंत्रांतलं मला फारसं कळत नाही. पण मागे त्याचं जे नुकसान झालं ते एका शब्दाच्या अर्थावरून झालं, म्हणून मला ते समजलं.

मशीनच्या पट्ट्यावर बसवायचं कव्हर होतं. ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा, त्याला काटकोनात चार बेंड. बेंडच्या जागी पत्रा आतून दबतो, बाहेरून ताणला जातो. म्हणून सपाट पत्रा किती लांब कापायचा, याचा हिशेब करावा लागतो. त्यात 'के' नावाचा एक आकडा येतो. पत्र्याच्या जाडीत दबतही नाही आणि ताणलीही जात नाही अशी रेषा कुठे आहे, ते तो सांगतो. हा हिशेब आपोआप करणारी छोटीशी आज्ञावली, म्हणजे मॅक्रो, परदेशातल्या कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी मोकळी ठेवली होती. यानं ती घेतली, 'के'च्या जागी ०.४४ घातलं आणि दोन मिनिटांत आकृती तयार झाली. पत्रा कापला, वाकवला आणि कव्हर काही बसेना! भोकांवर भोकं येईनात. चार मिलिमीटरची तूट.

"चाचा, आकडा तर बरोबर होता," तो म्हणाला.

आकडा बरोबरच होता. पण 'के' मोजण्याच्या दोन रीती आहेत. अमेरिकी रीतीत तो पत्र्याच्या पूर्ण जाडीवर मोजतात, जर्मन 'डिन' रीतीत अर्ध्या जाडीवर. एकीकडचे ०.४४ म्हणजे दुसरीकडचे ०.८८. मॅक्रो जर्मन रीतीचा, आकडा अमेरिकी. आतली गोलाई ३ मिलिमीटर धरली, तर प्रत्येक बेंडला ६.७९ मिलिमीटर पत्रा लागतो, मॅक्रोनं ५.७५ दिला. चार बेंडांत चार मिलिमीटर गेले.

श्रोतेहो, आम्ही गोंदियाचे लोक मराठी आणि हिंदीच्या शिवेवर राहतो. इकडे 'शिक्षा' म्हटलं की छडी आठवते, तिकडे शाळा. माणूस असेल तर "कोणती शिक्षा?" असं विचारतो. यंत्र विचारत नाही. ते मुकाट्यानं चुकीचं उत्तर देतं, आणि तेही अगदी नीटनेटकं.

म्हणून आयतं घेऊ नये, असं मी म्हणणार नाही. या क्षेत्रात देवाणघेवाण जुनी आहे. ऑटोकॅडमध्ये १९८६ साली ऑटोलिस्प ही भाषा आली, तेव्हापासून ड्राफ्ट्समन एकमेकांच्या आज्ञावल्या वापरत आले. २००२ पासून उपलब्ध असलेलं फ्रीकॅड तर फुकट आहे, आणि त्याचे मॅक्रो पायथॉन भाषेत, कुणालाही उघडून वाचता येतील असे असतात. लहान गावातल्या मुलाला हा मोठाच आधार आहे. आपल्या आयआयटी मुंबईत घडलेलं ऑसडॅग हे पोलादी बांधकामाच्या संकल्पनाचं मुक्त सॉफ्टवेअर पाहा. आपण 'आयएस ८००:२००७' या भारतीय मानकानुसार हिशेब करतो, हे ते आधीच सांगतं. देणाऱ्यानं असं सांगावं आणि घेणाऱ्यानं ते वाचावं. शिवाय मोठं काम करण्याआधी पत्र्याचा एक तुकडा वाकवून मोजावा. पट्ट्यावरचं कव्हर एकाच बोल्टवर लटकलं तर काय होतं, हे मिलमधल्या कामगाराला सांगावं लागत नाही.

त्या मुलानं दुसरा पत्रा स्वतःच्या खिशातून आणला. मॅक्रोच्या सुरुवातीला दोन ओळी लिहिल्या : 'यातला के डिन रीतीचा आहे. अमेरिकी आकडा असेल तर दुप्पट करून घाला.' मूळ लेखकाचं नाव तसंच ठेवलं आणि ती सुधारलेली प्रत त्यालाच पाठवून दिली.

नुकसान त्याचं एकट्याचं झालं. त्या दोन ओळी मात्र आता सगळ्यांच्या झाल्या.